बर्फघराचा डावा कोपरा

खोडरबराचा एकच कोपरा झिजून गोल झाला होता, बाकीचे तीन नवेकोरे. मुन्जी दर वेळी त्याच कोपऱ्याने खोडतो हे शेदलीच्या आजच लक्षात आलं, आणि एकदा लक्षात आल्यावर नजर तिथून हलेना. गुलाबी, बोटाच्या दोन पेरांएवढं रबर. मुन्जीच्या मुलीच्या दप्तरातलं. त्यावर तिने निळ्या पेनाने डोळा काढून त्याचा मासा केला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नसलेल्या उजव्या हाताच्या चिमटीत तो मासा नकाशावरून पुढे-मागे जात होता, कागदावर चुरा पडत होता, आणि मुन्जी तो फुंकून उडवण्याऐवजी तळहाताच्या कडेने अगदी जपून बाजूला सारत होता — बोटं नसलेल्या कडेने. ती बोटं... शेदली खिडकीबाहेर बघायला लागला.

खाली मोठं बंदर होतं. तारेवर ऑक्टोपस वाळत होते, कुणीतरी ऑक्टोपस धरायच्या मडक्यांवरची शेवाळं खरवडत होतं. लिलावाच्या हॉलवरच्या या खोलीत अकरा बाप्ये शाळेच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते, कारण सरकारने नवा नियम काढला होता की परवान्याचा कागद नसेल त्याने सुकाणूला हात लावायचा नाही. होडी सहा मीटरची असो की सोळा. शिकवायला पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातून आठवड्यातून दोनदा फेरीबोटीने सनियाबाई यायच्या. वय पस्तिशीचं, पण मोठ्या मालवाहू जहाजांवर बारा वर्षं काढलेली बाई. पहिल्या दिवशी सगळे मिशीत हसले होते. तिसऱ्या दिवशी बाईंनी डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन दोरीला अशी गाठ मारली की म्हातारा तिजानी बाकावरून उठून म्हणाला, "पोरी, लग्न झालंय का तुझं?" त्यानंतर कुणी मिशीत हसलं नाही.

आज हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे इतरांना होतं. बाईंनी मागच्या गुरुवारीच सांगून ठेवलं होतं: पुढच्या वेळी प्रत्येकाने आपला एक अपघात सांगायचा. होडी वाळूत रुतलेली, दगडाला लागलेली, वाट चुकलेली, काहीही. आणि नकाशावर रेघा मारून दाखवायचं की चूक नेमकी कुठे झाली. तेव्हापासून पाच दिवस शेदली ताटावरून अर्धवट उठत होता. बायकोने विचारलंही, जवाचा कुसकुस तसाच का ठेवलास, हरीसाची तिखट चटणी जास्त झाली का? तो म्हणाला, दाढ दुखतेय.

आज सकाळी होडीतून येताना त्याने मुन्जीकडे विषय काढून पाहिला होता. वाऱ्यावर टाकल्यासारखं, सुकाणूवरून नजर न काढता.

"तू ते इंजिन बंद पडल्याचं सांग. धुक्यात. लोकांना आवडेल ते."

"तो अपघात तुझा, तांडेल," मुन्जी नाळेकडून, होडीच्या पुढच्या टोकाकडून म्हणाला. "होडी तुझी, इंजिन तुझं. माझा आपला एकच आहे. सगळ्या बेटांना पाठ असलेला."

तांडेल. दोघं एकाच वर्षी जन्मले, एकाच शिक्षकाच्या हातची छडी खाल्ली, एकाच उन्हाळ्यात दोघांना मिसरूड फुटलं. शेदलीला त्याने आयुष्यभर शेदली म्हटलं, कधी शेदल्या, चिडला तर त्याहून वाईट. होडीवर खलाशी म्हणून आला त्या दिवसापासून तांडेल. थट्टेने म्हणायला सुरुवात केली असेल. नऊ वर्षं झाली. थट्टा कधी संपली ते शेदलीला कळलं नव्हतं, आणि विचारायची हिंमत झाली नव्हती.

आपल्याकडे समुद्राचा तळ म्हणजे घरासमोरचं अंगण. कुणाची कुठली जमीन, कुणी कुठे मासे अडवायला खजुरीच्या झावळ्यांची कुंपणं रोवायची, सगळं आज्यापणज्यापासून ठरलेलं. पाणी मात्र कमरेएवढं, मैलच्या मैल. ओहोटीला गाढव चालत जाईल इतकं. त्या उथळातून ज्या खोल वाटा जातात त्यांच्या खुणा ज्याच्या त्याच्या घरच्या. मागची एक खूण, पुढची एक खूण, दोन्ही एका रेषेत आल्या की तुझी होडी वाटेत. या खुणा कुणी कुणाला सांगत नाही. आणि कुणी फारच मागे लागलं तर वाकडी खूण सांगतात. यात पाप नाही, हा रिवाजच आहे. घेणारालाही ठाऊक असतं. तो मुकाट घरी जातो, शांत पाण्याचा दिवस बघून काठी घेऊन निघतो, टोचून टोचून खोली बघतो, आणि खूण वाकडी निघाली तर चहाच्या दुकानात येऊन सगळ्यांदेखत शिव्या घालतो. सगळे हसतात. देणाराने चहा पाजायचा. एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी मुन्जीने चहाच्या दुकानात विचारलं होतं, "तुझ्या बापाची वाट सांग ना रे."

दोघांच्या वाडीच्या तोंडाशी वाळूची लांबच लांब पट्टी आहे. तिला वळसा घालून यायचं तर दीड तास जास्त. शेदलीच्या बापाला तिच्यातून आरपार जाणारी वाट ठाऊक होती. मशिदीचा मिनार मासळीच्या बर्फघराच्या उजव्या कोपऱ्यावर आला की डोळे मिटून यायचं. मुन्जीने तेव्हा नवी होडी घेतली होती. नवं इंजिन. त्या वर्षी ऑक्टोपसही त्याच्याच मडक्यांत शिरत होते, जणू काही त्याने त्यांना घरी बोलावणं धाडलं होतं. आणि तो हसत, मोकळेपणाने, सगळ्यांसमोर विचारत होता. त्याच्या डोक्यात नाही म्हणण्याची शक्यताच नव्हती. शेदलीने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला — किती सहज म्हणाला — मिनार बर्फघराच्या डाव्या कोपऱ्यावर.

रिवाजच होता. वाकडी खूण सगळेच देतात. शेदलीने हे वाक्य स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की ते या रबरासारखं झिजून गोल झालं होतं. पण मला माहीत होतं. मला तेव्हाच, ग्लास हातात असतानाच माहीत होतं की मुन्जी काठी घेऊन तपासायला जाणार नाही. मित्राने दिलेली खूण तपासणं म्हणजे मित्राला खोटं ठरवणं, असं मानणारा तो एकटाच मूर्ख होता आमच्यात. मला वाटलं, वाळूत रुतेल. सहा तास बसेल भरतीची वाट बघत. आठ दिवस लोक हसतील. त्याची जरा जिरेल.

वाळूच होती सगळी. फक्त त्या डाव्या रेघेवर, एका जागी, रोमन लोकांच्या बंदराची बुडालेली भिंत होती. हे शेदलीला ठाऊक नव्हतं — ठाऊक नव्हतंच, यावर तो कुराणावर हात ठेवायला तयार होता — पण हात ठेव म्हणून त्याला कुणी विचारलंच नाही. आग्नेयेचा वारा होता. होडी दगडावर तीनदा उचलून आपटली. तिला ढकलून काढायला मुन्जी पाण्यात उतरला, आणि होडी आणि भिंत यांच्यामध्ये हात...

"शेदलीकाका, लक्ष आहे ना?" सनियाबाई म्हणाल्या.

"आहे, आहे."

तिजानी फळ्याजवळ उभा होता. त्याचा अपघात असा की बत्तीस वर्षांपूर्वी त्याने होकायंत्राशेजारी बायकोने दिलेला लोखंडी डबा ठेवला आणि सुई डब्याच्या मागे गेली. तो घरी जायला निघाला आणि दिवसभराने भलत्याच बेटाला लागला. "बाई, चूक कुठे झाली ते मला त्याच दिवशी कळलं. लग्नात." वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि मग शांतपणे होकायंत्राजवळ लोखंड, रेडिओ, मोबाईल काहीही ठेवायचं नाही म्हणून सगळ्यांना वहीत लिहायला लावलं. शेदलीने लिहिलं. अक्षर नीट आलं नाही.

"मुन्जीकाका."

मुन्जी उठला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आली, भिंत आली." अकरा वर्षं त्याला हेच नाव होतं. मुन्जी भिंत. लग्नात, मयतीत, लिलावात. होडी गेली, त्याच्या हातात होडी द्यायला मग कुणी तयार होईना. दोन वर्षं त्याने धक्क्यावर बसून आठ बोटांनी लोकांची जाळी विणली. मग शेदलीने त्याला आपल्या होडीवर घेतलं, आणि वाडीभर लोक म्हणाले की मन असावं तर शेदलीसारखं. इमामसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला होता. तो हात शेदलीने झटकला नव्हता. मान खाली घातली होती, आणि लोकांनी त्याला नम्रपणा म्हटलं होतं.

आता बाईंचा कागद मिळाला की मुन्जी पुन्हा तांडेल होणार होता. सासऱ्याची जुनी होडी उलटी पडली होती, ती त्याने दुरुस्तही करत आणली होती. म्हणून तर तो घरी मुलीबरोबर बसून कोन मोजायला शिकला. परीक्षा पुढच्या मंगळवारी. आणि आज हा इथे बाईंसमोर रेघ मारणार: मिनार, बर्फघराचा डावा कोपरा. रेघ जाणार सरळ भिंतीवरून. बाई विचारणार, ही खूण तुम्हाला दिली कुणी?

बाईंनी वाडीच्या तोंडाचा मोठ्या मापाचा नकाशा फळ्यावर लावला. मिनार, बर्फघराची लांबट इमारत, वाळूची पट्टी. भिंतीच्या जागी बारीक फुल्या. मुन्जीने समांतर पट्टी हातात घेतली. शेदलीला वाटलं, उठावं. आत्ता उठून सांगावं, खूण मी दिली. तीन शब्द. त्याचे गुडघे बाकाखाली अडकले होते — खरंच अडकले होते — आणि त्या अडकण्याचा त्याला आधार वाटला.

"मला खूण माहीत होती, बाई," मुन्जी म्हणाला. "मिनार, बर्फघराच्या उजव्या कोपऱ्यावर."

त्याने रेघ मारली. सावकाश, जीभ दातांत धरून, मुलीसारखी. रेघ वाळूच्या पट्टीतून अगदी स्वच्छ निघाली, खोल पाण्याच्या आकड्यांवरून, कुठे न अडखळता.

"पण ही तर बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मग लागलात कसे?"

"मी डावा धरला." त्याने दुसरी रेघ मारली. ती फुल्यांवरून गेली. "घाई होती. उन्हं समोर होती. आणि तपासलं नव्हतं मी आधी. काठी घेऊन एकदा जायला हवं होतं. चूक ती तिथे."

बाईंनी दोन रेघांमधलं अंतर कर्कटकाने मोजलं. किनाऱ्यावर चाळीस पावलं, म्हणाल्या, आणि पाण्यात दीडशे मीटर. बघा, एवढ्याशानेच होडी जाते. मग त्या म्हणाल्या की स्वतःच्या चुकीचा हिशेब असा सरळ देणारा तांडेल मी फार कमी पाहिलाय. तिजानीने बाक वाजवला. मागून भिंत म्हणणाराही वाजवायला लागला. मुन्जी लाजला, रबर घेऊन दुसरी रेघ खोडायला लागला, पण बाईंनी थांबवलं. राहू द्या, म्हणाल्या, दोन्ही हव्यात.

उजवा कोपरा.

शेदली त्या रेघेकडे बघत राहिला. उजवा कोपरा त्याला कुणी सांगितला? बाप गेला. बापानंतर ही खूण जगात एकट्या शेदलीला ठाऊक होती. आणि मुन्जी होडीवर आल्यापासून शेदली त्या वाटेने एकदाही गेला नव्हता. एकदाही नाही! नऊ वर्षं, रोज, पट्टीला वळसा घालून. मडक्यांनी होडी भरलेली असताना, वादळ मागे लागलेलं असताना, एकदा तर मुन्जी स्वतः तापाने फणफणत तळाशी पडलेला असताना — दीड तास जास्त. त्याला मिनार त्या कोपऱ्यावर येताना दिसू नये म्हणून. मुन्जीने कधी विचारलं नाही, बापाची वाट सोडून आपण हा फेरा का घालतो. पहिल्या वर्षी शेदलीने उत्तर तयार ठेवलं होतं: वाट आता गाळाने भरली. विचारलंच नाही त्याने. शेदलीला वाटलं होतं, भिंतीची भीती बसलीय त्याला. किती बरं वाटलं होतं तसं वाटून.

म्हणजे तो गेला होता. शांत पाण्याचा दिवस बघून, कुणाची तरी वल्ह्याची होडी घेऊन, काठी घेऊन, एकटा. आठ बोटांत काठी धरून वीत वीत पाणी टोचत, फुटलेल्या होडीच्या फळ्या तळाशी दिसत असतील त्यांच्यावरून, डावीकडून उजवीकडे, काठी खोल जाईपर्यंत. मग त्याने मान वर करून किनाऱ्याकडे पाहिलं असेल. मिनार कुठे आहे ते पाहिलं असेल. केव्हा? होडीवर येण्याआधी? आधी गेला असेल तर तो सगळं माहीत असून आला, आणि पहिल्याच सकाळी नाळेवर बसून म्हणाला, चला तांडेल.

की असंच वाटतंय मला? दीडशे मीटर काही फार नाही. बाईंच्या नकाशात आकडे छापलेले आहेत, कुणीही मागून खूण जुळवू शकेल. गेले पाच दिवस तो मुलीबरोबर नकाशा घेऊन बसला होता... रेघ जुळवता जुळवता त्याला उजवा कोपरा सापडला असेल, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटलं असेल की शेदलीने उजवाच सांगितला होता, चुकलो मीच. तसं असेल तर आणखी वाईट. नाही — तसं असेल तर बरं. शेदलीला ठरवता येईना की आपल्याला यातलं काय हवंय.

"आणि शेदलीकाका? तुमचा अपघात?"

तो उठला. गुडघे आता कुठेच अडकले नाहीत.

"माझा नाही एकही, बाई."

"तीस वर्षांत एकही नाही?"

"नाही."

"कसं काय जमवलंत?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या, कौतुकाने. खूण मी दिली होती, एवढंच म्हणायचं होतं. "मी लांबून जातो," तो म्हणाला.

"आमचे तांडेल फार जपून असतात," मुन्जी म्हणाला. आवाजात काही नव्हतं. शेदलीने शोधलं, पण काहीही नव्हतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं: शंका असेल तर लांबची वाट. सगळ्यांनी ते वहीत उतरून घेतलं. मुन्जीनेही घेतलं, खाली पट्टीने रेघ मारली.

चारला सुटले. शरमेला वास असता तर होडीतली मडकी बाहेर फेकावी लागली असती, असं शेदलीला परतताना वाटत होतं. मुन्जी नाळेवर बसून जवाची भाकरी खात होता. अर्धी त्याने मागे दिली. शेदलीने घेतली आणि मांडीवर तशीच ठेवली.

"बरोबर सांगितलं ना मी?" मुन्जी म्हणाला, पुढे बघतच. "मंगळवारी हेच विचारलं तर?"

"बरोबर."

"डाव्या कोपऱ्याचंही?"

इंजिनाचा आवाज होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. "ते... तेही," शेदली म्हणाला.

मुन्जीने मान हलवली आणि हातावरचा भाकरीचा चुरा पाण्यात झटकला.

पट्टीच्या टोकाचा तरंगता बोया दिसायला लागला. इथे दर दिवशी सुकाणू डावीकडे दाबायचं आणि वळसा सुरू करायचा. भरती अर्ध्यावर आली होती. समोर, मावळतीच्या उजेडात, वाडीचा मिनार काळा आणि सुटा दिसत होता, बर्फघरापासून अजून बराच लांब. मुन्जी उठला, जाळ्यांखाली हात घातला आणि काठी ओढून काढली. नऊ वर्षं ती तिथे पडून होती. वळशाच्या वाटेवर पाणी चार पुरुष खोल, तिथे काठीला काम नाही. ती घेऊन तो नाळेवर उभा राहिला. मागे पाहिलं नाही. कदाचित तो तिला नुसती धुवायला काढत असेल. शेवाळं धरलं होतं तिच्यावर.

शेदलीकडे एक वाक्य होतं. अकरा वर्षं त्याने ते घासूनपुसून ठेवलं होतं, रात्री उशीवर, पहाटे इंजिन तापताना: मुन्जी, मी तुला मुद्दाम वाकडी खूण दिली. ऐकून मुन्जीचा चेहरा कसा होईल, तो मारेल की रडेल, हेही त्याने शंभरदा पाहून ठेवलं होतं. ते वाक्य एका अजाण माणसासाठी होतं. त्या माणसाच्या भरवशावर तो इतकी वर्षं अपराधी राहिला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा मोठाही राहिला होता. एक दिवस सांगेन, असं म्हणणारा. नाळेवर उभा होता तो दुसराच कुणी होता. तो माझ्या समोर बसून, रोज दीड तास, मला वळसा घालताना बघत आला होता, आणि त्याने मला घालू दिला होता. या माणसाला काय सांगायचं?

बोया शेजारून गेला. शेदलीने इंजिन हळू केलं, मग आणखी हळू. होडी ना डावीकडे वळत होती, ना पुढे जात होती. मुन्जीने विचारलं नाही, का थांबलास. तो काठी उभी धरून, पाठमोरा, वाट बघत राहिला, आणि शेदलीला त्याच्या पाठीवरून एवढंही कळेना की तो आज वाट बघायला लागलाय, की नऊ वर्षं बघतोय.